वीरकाव्यावरचे प्रकल्प: नायक देऊ नका, एक प्रसंग द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण महाविद्यालयात नव्याने रुजू झालेले एक प्राध्यापक विचारतात: बी.ए.ला मध्ययुगीन वीरकाव्यं आणि त्यातला नायक हा घटक आहे, त्यावर प्रकल्प घ्यायचाय. गेल्या वर्षी पोरांनी जे आणून दिलं ते सगळं मोबाईलवरून उतरवलेलं. धैर्य, निष्ठा, त्याग अशी गुणांची यादी, मधे रंगीत चित्रं आणि शेवटी ऋणनिर्देश. ग्रंथालयात मूळ काव्यं नाहीत, पोरांचं इंग्रजी बेताचं, दिवाळीच्या आसपास अर्धा वर्ग धान कापायला गेलेला. यातून खरं काम कसं करून घ्यायचं?

सर, मी अमरावती जिल्ह्यात, मेळघाटच्या पायथ्याला शिकवते. आमच्याकडे धानाच्या जागी कापूस आणि संत्रा, बाकी सगळं तेच. नव्या शैक्षणिक धोरणानंतर क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक आले, त्याच्या कितीतरी आधीपासून मी हे प्रकल्प घेत आलेय. तेव्हा जे चालतं तेवढंच सांगते.

'रोलाँचं शौर्य' किंवा 'कर्णाचे गुण' असा विषय दिला की यादीच येणार, कारण प्रश्नच यादीचा आहे आणि नेटवर त्याचं उत्तर तयार असतं. म्हणून नायक देऊ नका. त्याने घेतलेला एक निर्णय द्या, आणि त्या निर्णयाची किंमत कोणी मोजली ते शोधायला लावा. आधी काव्यात शोधायचं, मग गावात जाऊन लोकांना विचारायचं, आणि तिथे जे ऐकलं ते घेऊन परत काव्यात यायचं. ही तिसरी फेरी बहुतेक ठिकाणी राहून जाते. मग प्रकल्प म्हणजे नुसता मुलाखतींचा गठ्ठा होतो आणि साहित्य बाजूलाच राहतं.

रोलाँपासून, म्हणजे जुन्या फ्रेंच वीरकाव्याच्या नायकापासून, सुरुवात करा, कारण त्यातला निर्णय उघडाबोडका आहे. १५ ऑगस्ट ७७८ ला फ्रँकांचा राजा शार्लमेन याचं सैन्य स्पेनमधून परतत असताना पिरेनीज डोंगरातल्या खिंडीत बास्क लोकांनी त्याची पिछाडी कापून काढली. घटना एवढीच. त्यावरचं फ्रेंच काव्य आलं सुमारे तीनशे वर्षांनी, अकराव्या शतकाच्या अखेरीस. साधारण चार हजार ओळींचं. तोवर धर्मयुद्धांचे वारे वाहू लागले होते, त्यामुळे डोंगरातले बास्क गेले आणि त्यांच्या जागी मुसलमानांची अफाट फौज आली. पिछाडीला वीस हजार माणूस, पुढारी रोलाँ. शत्रू दिसल्यावर त्याचा मित्र ऑलिव्हर त्याला पुन्हा पुन्हा म्हणतो, शिंग फुंक, राजा ऐकेल, मागे फिरेल. रोलाँ नाही म्हणतो. माझ्या घराण्याला बट्टा लागेल. पुढे साठच माणसं उरतात तेव्हा तो शिंग फुंकायला निघतो, आणि आता ऑलिव्हर म्हणतो, आता कशाला?

ही गोष्ट वर्गात मराठीतून सांगा, रंगवून सांगा. ही काव्यं ऐकण्यासाठीच रचलेली होती, तेव्हा ऐकवण्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. मग फक्त या एका प्रसंगाच्या चाळीसेक ओळींचं तुम्हीच केलेलं साधं भाषांतर झेरॉक्स काढून हातात द्या. पूर्ण काव्य कोणी वाचणार नाही, आणि दुसऱ्या वर्षाच्या पोराकडून ती अपेक्षाही नको. चाळीस ओळी मात्र चारदा वाचून घेता येतात. चौथ्या वाचनाला जे दिसतं ते पहिल्याला दिसत नाही.

माझ्या वर्गात एकदा एका मुलाने विचारलं, "मॅडम, त्या वीस हजाराइले कोनं इचारलं होतं का?" त्याचे वडील संत्रा तोडणाऱ्या टोळीचे मुकादम. टोळी घेऊन परगावी जायचं, व्यापाऱ्याशी भाव ठरवायचा आणि काही बिनसलं तर टोळीला तोंड द्यायचं, हे त्याने घरात पाहिलेलं. त्याच्या गटाचा प्रकल्प तिथेच ठरला: वीस हजारांचं म्हणणं काय? त्यांनी आसपासच्या मुकादमांना, मजुरांना गोष्ट ऐकवली आणि विचारलं की पुढाऱ्याने अब्रूसाठी मदत मागितली नाही तर मागच्यांनी काय करायचं. उत्तरं रंगतदार आली, ती इथे सांगत बसत नाही. खरी गंमत पुढे आहे. मी त्यांना परत काव्याकडे पाठवलं की आता यात शिपाई कुठे बोलतात ते दाखवा. जवळजवळ बोलतच नाहीत. पण त्यांना आर्चबिशप टर्पिन सापडला. रोलाँ आणि ऑलिव्हर भांडतात तेव्हा तो मधे पडतो आणि म्हणतो, शिंग फुंकून आपला जीव काही वाचत नाही, तरी फुंक. राजा येईल, सूड घेईल आणि आपली प्रेतं पुरेल, लांडगे-डुकरं-कुत्री तरी खाणार नाहीत. मेलेल्या शिपायाची काळजी करणारी त्या भांडणातली ही एकच जागा. मुकादमाच्या पोराला ती सापडली, आणि ती कुठल्याही तयार उत्तरात नव्हती.

एक सूचना. रोलाँ सांगितला की वर्गातून लगेच 'अभिमन्यू' असा आवाज येतो. येऊ द्या, पण तिथेच थांबू नका. अभिमन्यूला आत शिरायचं माहीत होतं, बाहेर पडायचं नव्हतं, आणि हे ठाऊक असूनही थोरांनी त्याला पुढे केलं. निर्णय थोरांचा, मरण पोराचं. रोलाँचा निर्णय त्याचा स्वतःचा, मरण सगळ्यांचं. वरवर सारखे दिसणारे दोन नायक इथे फुटून वेगळे होतात. साम्यं शोधायला लावलं तर पोरं दिवसभर साम्यं शोधतील. फरक शोधायला लावा.

काळाचा घोळ आधीच निस्तरून घ्या. युरोपातलं मध्ययुग साधारण १५०० पर्यंत संपवतात, मराठी वाङ्मयेतिहासात ते १८१८ पर्यंत धरायची रीत आहे. म्हणून अकराव्या शतकाचा रोलाँ आणि १७१२ सालचा श्रीधरांचा 'पांडवप्रताप' हे दोन्ही 'मध्ययुगीन'च्या रकान्यात येतात. परीक्षेपुरतं हे चालतं. प्रकल्पात मात्र दोघांच्या काळाबद्दल एक परिच्छेद लिहायलाच लावा, नाहीतर पोरं दोन्ही एकाच जत्रेत ऐकल्यासारखं लिहितात.

माझा सगळ्यात जमलेला विषय बाप विरुद्ध लेक हा. याला साहित्य भरपूर आहे आणि घराघरात या विषयावर मत असतं. फिरदौसीने १०१० मध्ये पुरा केलेल्या 'शाहनामा' या फारसी महाकाव्यात रुस्तुम आणि त्याचा मुलगा सोहराब एकमेकांना न ओळखता समोरासमोर येतात. सोहराब नाव विचारतो, रुस्तुम लपवतो. पहिल्यांदा रुस्तुम खाली पडतो आणि लबाडीने सुटतो: म्हणे आमच्यात दुसऱ्यांदा पाडल्याशिवाय मारत नाहीत. पुढच्या झुंजीत तोच पहिल्याच फटक्यात खंजीर खुपसतो, आणि मग पोराच्या दंडावरची खूण दिसते. आपल्याकडे महाभारताच्या अश्वमेधपर्वात उलटा प्रकार. बभ्रुवाहन बापाचं स्वागत करायला नम्रपणे सामोरा येतो, तर अर्जुनच त्याला टोचतो की क्षत्रिय असून लढत कसा नाहीस. अर्जुनाची नागकन्या बायको उलूपीही त्याला डिवचते. मग तो लढतो आणि बाप पडतो. उलूपीच्या मण्याने अर्जुन उठतो, पण तो नंतरचा भाग.

तिसरं काव्य जर्मन, 'हिल्डेब्रांट'चं. ते पोरांना सगळ्यात जास्त पकडतं, कारण त्याचा शेवट हरवलाय. नवव्या शतकात, ८३० च्या सुमारास, कोणीतरी एका धार्मिक पोथीच्या पहिल्या आणि शेवटच्या कोऱ्या पानांवर ते लिहून काढलं. पान संपलं, काव्य तुटलं. ६८ ओळी उरल्यात. तीस वर्षं परमुलखात काढलेला हिल्डेब्रांट दोन फौजांच्या मधे उभा आहे, समोर त्याचाच मुलगा हाडुब्रांट. बाप ओळखतो, हातातलं सोन्याचं कडं काढून पुढे करतो. पोरगा म्हणतो, माझा बाप मेला, दर्यावर्दी लोकांनी सांगितलंय; तू म्हातारा कपटी आहेस. बाप हळहळतो की आता पोटचं पोर मला कापेल नाहीतर मी त्याला. भाले सुटतात, ढालींच्या चिरफळ्या उडतात आणि ओळ संपते.

काम असं दिलं: आपापल्या गावात कीर्तनाला, पारायणाला बसणाऱ्या जुन्या माणसांना ही गोष्ट इथपर्यंत सांगा आणि विचारा, पुढे काय झालं असेल? त्यांची उत्तरं रेकॉर्ड करा, जशी बोलली तशी वऱ्हाडीत उतरवा. शुद्ध करायची नाहीत. यावर मी फार कडक असते, कारण पोरांना आजीचं बोलणं 'सुधारून' लिहायची हौस असते आणि त्यात सगळा जीव जातो.

एका मुलीने आपल्या आजीचं उतरवून आणलं होतं. श्रावणात ओट्यावर 'हरिविजय' ऐकण्यात आयुष्य गेलेल्या बाई. निंदणाला जायच्या आधी, भाकरी थापता थापता त्यांनी गोष्ट ऐकली. तव्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये आहे. शेवट काय झाला असेल हे त्यांनी सांगितलंच नाही. विचारलं, "अन् त्या पोराची माय कुठी हाये? थे असती त सांगतली असती ना, का हाच तुहा बाप हाय." मुलगी हिरमुसली, उत्तर मिळालं नाही म्हणून. मी म्हटलं, हेच घेऊन त्या ६८ ओळींत परत जा. तिला ती जागा सापडली. हाडुब्रांट बापाबद्दल बोलताना सांगतो की तो पळून गेला तेव्हा घरात तरुण बायको आणि लहान पोर टाकून गेला, वारसा नसलेलं. आई काव्यात आहे, ती अशी एका वाक्यापुरती. मग तिने सोहराबची आई तहमिना काढली: खुणेचा मणी तिनेच दंडावर बांधला, पण ती रणापासून लांब घरी. बभ्रुवाहनाकडे उलूपी आणि त्याची आई चित्रांगदा दोघी प्रत्यक्ष रणात येतात, आणि तिथेच तेवढा मेलेला माणूस उठतो. मुलीच्या प्रकल्पाचं नाव 'रणात नसलेली आई'. माझ्याकडे आलेला वीरकाव्यावरचा हा सगळ्यात चांगला कागद, आणि त्यातला मूळ प्रश्न शाळेत न गेलेल्या बाईचा.

तुमच्या भागात सामग्री काय, हा प्रश्न तुम्हाला पडलाच नसेल, तरी सांगते. झाडीपट्टीत बसून साहित्य नाही म्हणायचं म्हणजे कमाल आहे! दिवाळीपासून होळीपर्यंत रात्रभर नाटकं चालतात, दंडार, खडी गंमत अशी लोकनाट्यं आहेत. पौराणिक-ऐतिहासिक प्रवेश लागतो तेव्हा प्रेक्षक कुठे शिट्टी मारतात, कुठे गप्प होतात, कुठल्या वाक्याला दाद येते, एवढं जरी पोरांनी लिहून आणलं तरी नायक कसा घडतो याचा चालू पुरावा मिळतो. त्याशिवाय गोंडांच्या वीरकथा सांगणारे परधान. गोंडांचा आदिपुरुष लिंगो याचं गीत नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने परधानाकडून उतरवून घेतलं आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपलने ते छापलं. तुमच्या वर्गात गोंड किंवा परधान पोरं असतील तर त्यांच्या घरातलं गाणं आणि ते छापील पान शेजारी ठेवा. मात्र त्या पोरांना वर्गापुढे नमुना म्हणून उभं करू नका. आमच्याकडे कोरकू मुलं असतात. त्यांच्या गावांत होळीनंतर मेघनाथाची, म्हणजे रावणपुत्र इंद्रजिताची, पूजा होते. 'भावार्थ रामायणा'तला इंद्रजित शिकवताना मी कोणाकडे बोट दाखवून 'सांग तुमच्याकडचं' म्हणत नाही. प्रश्न एवढाच ठेवते: पडलेल्या वीराला कोण आठवणीत ठेवतं? ज्याला सांगायचं तो सांगतो. एका मुलाने वर्षाअखेर सांगितलं, आणि मग सगळा वर्ग गाडी करून यात्रेला गेला.

आमच्या बाजूचा दुसरा हक्काचा प्रसंग कीचकाचा. चिखलदऱ्याला नावच कीचकावरून पडलं असं लोक सांगतात. भीमाने त्याला मारून दरीत लोटलं आणि भीमकुंडात हात धुतले. सहलीला गेलेल्या प्रत्येक पोराला हे पाठ असतं. म्हणून मी दरी सोडून त्याआधीचा प्रसंग देते. विराटाच्या भर सभेत कीचक द्रौपदीला लाथ मारतो. कंक झालेला युधिष्ठिर भीमाला आवरतो आणि तिलाच म्हणतो, आत जा, राजाच्या खेळात व्यत्यय आणू नकोस. रात्री ती स्वयंपाकघरात जाऊन बल्लव झालेल्या भीमाला उठवते. इथे तीन माणसांचे तीन निर्णय आहेत आणि तिघांनाही अज्ञातवासाची मुदत पाळायचीय. मुक्तेश्वरांच्या मराठी महाभारतातली जी पर्वं मिळतात त्यांत विराटपर्व आहे, तेव्हा मराठी ओव्या हाताशी आहेत. मुली या प्रसंगावर जे लिहितात ते वाचून मी कधीकधी गप्प बसते. शेरा न मारता सही करते.

इतिहासाचं वेड असलेल्या गटाला तानाजी द्या, पण दोन कागद शेजारी ठेवून. १६७० च्या सिंहगडावर सभासदाची बखर आहे आणि तुळशीदास शाहिराचा पोवाडा आहे. बखरीत पाचशे माणूस गडाखाली जातो, दोन मावळे वानरासारखे कडा चढतात आणि वरून माळ, म्हणजे दोरशिडी, लावतात. ढाल तुटल्यावर तानाजी डाव्या हाताचीच ढाल करतो. घोरपड नाही. पोवाड्यात घोरपड आहे, रायबाचं लग्न आहे, शेलारमामा आहे. पोरांना आधी धक्का बसतो, काहींना रागही येतो. 'पोवाडा खोटा' असं कोणी म्हणालं तर थांबवा. विचारा, शाहिराला पोवाड्यात लग्न का आणावं लागलं? डफ-तुणतुण्यावर 'जी जी जी' म्हणत रात्र जागवायची तर ऐकणाऱ्याला ओळखीचं काय हवं? बापाने पोराचं लग्न टाकून जाणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात यंदा लग्न आहे त्याला समजावून सांगावं लागत नाही. बास्कांचे मुसलमान होणं आणि कड्यावर घोरपड येणं या दोन जागा पोरांनी स्वतःहून जोडल्या तर समजा वर्ष वसूल झालं.

जुन्या इंग्रजीतला बेओवुल्फ, स्पॅनिशमधला सीद वगैरे वीर अभ्यासक्रमात असतील तर व्याख्यानात उरका. बेओवुल्फचा म्हातारपणचा ड्रॅगनशी झगडा तेवढा चांगला आहे: पन्नास वर्षं राज्य केलेला राजा एकटाच लढायला जातो, साथीदार रानात पळतात, एक विग्लाफ उरतो आणि मागे राज्य उघडं पडतं. रोलाँ करून झाल्यावर हुशार पोराला तो स्वतंत्र द्यायला हरकत नाही.

आता वेळेचं. सत्र सुरू झाल्याबरोबर प्रसंग वाटून टाका. श्रावणात पोथ्या लागतात, तेव्हाच गावातलं काम करून घ्या. माणसं एका जागी बसलेली असतात आणि डोक्यात गोष्टी ताज्या असतात. कापणीच्या काळात काहीही मागू नका, मिळणार नाही, आणि मिळालं तर ते उतरवलेलंच असेल. तुमच्याकडे नाटकांचा हंगाम कापणीनंतर येतो, म्हणजे एक गट तिकडे ठेवता येईल. मुलींना दोघी-तिघींच्या जोडीने, स्वतःच्याच गावात पाठवा. शेवटच्या एसटीचा हिशेब आधी करा, विषयाचा मागून. ज्याचं रेकॉर्ड करायचं त्याची परवानगी त्याच रेकॉर्डिंगमध्ये घ्या. पोथी कोणाच्या ओट्यावर लागते आणि तिथे कोण बसत नाही, हे पोरांनी टिपून ठेवावं असं मी सांगते, पण गावात त्यावर वाद घालायला जाऊ नका हेही सांगते. ते लिहायचं असेल तर वहीत लिहावं.

गुणांची वाटणी बदला, नाहीतर वरचं सगळं वाया. बांधणी, मुखपृष्ठ, चित्रं यांना मी शून्य गुण ठेवलेत आणि ते पहिल्याच दिवशी सांगते. निम्मे गुण वहीला: उतरवलेलं बोलणं, तारीख, कोणी सांगितलं, कुठे अडलं. उरलेल्यांतले बरेचसे तिसऱ्या फेरीला, म्हणजे गावातून आणलेला प्रश्न काव्यातल्या कुठल्या ओळीपाशी जाऊन टेकला त्याला. शेवटचा लेख दोन-तीन पानांचा पुरे. मोबाईलवरच्या एआयकडून लिहून आणतील ही भीती असते. आणू देत, दोन पानांचं भाषांतर किंवा काळाचा परिच्छेद त्यातून आला तर मी डोळेझाक करते. आजीचं रेकॉर्डिंग आणि वहीतल्या खाडाखोडी मात्र त्याला करता येत नाहीत.

तोंडी परीक्षेला मी एकच कागद पुढे ठेवते, त्यांचाच चाळीस ओळींचा. म्हणते, तुमच्या गावातल्या माणसाने जिथे बोट ठेवलं असतं ती ओळ दाखवा आणि वाचा. वाचता आली की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. गट तीन-चार जणांचाच ठेवा, पाच झाले की एक जण नुसता टायपिंग करतो. आणि पहिल्या वर्षी सगळ्या वर्गाला एकच प्रसंग द्या, हिल्डेब्रांटचा. ६८ ओळींचं भाषांतर तुम्हाला एका रविवारी उरकेल.